शेवटच्या सहा आठवड्यांची बेरीज

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी गेली चौदा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. घरी तीन मुलं आहेत. थोरली पंधरा वर्षांची, मधला अकराचा आणि धाकटी सातची. तिघं तीन वेगळ्या शाळांत जातात, मी चौथ्या. त्यामुळे वर्ष संपत आलं की आमच्या एका घरात चार शाळांचं वर्ष संपत असतं. यंदाचे शेवटचे सहा आठवडे सरले तेव्हा मनात बरंच साचलं होतं. ते आपल्या वाचकांपुढे, त्यातही माझ्यासारख्या शिक्षकांपुढे मांडावं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

एका मंगळवारी रात्री पावणेदहाला धाकटीच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. उद्या मुलांनी बुटांचं रिकामं खोकं, कापूस आणि पाच प्रकारची वाळलेली पानं आणावीत, पक्ष्याचं घरटं करायचं आहे. धाकटी कधीच झोपली होती. मधल्याचं ग्रंथालयाचं पुस्तक सापडत नव्हतं आणि ते परत केल्याशिवाय त्याला प्रगतिपुस्तक मिळणार नव्हतं, म्हणून तो आणि त्याचे बाबा पलंगाखालचं सगळं सामान बाहेर काढून बसले होते. थोरलीची दुसऱ्या दिवशी विज्ञानाची तोंडी परीक्षा होती आणि सासूबाई चष्मा लावून तिला वहीतले प्रश्न विचारत होत्या. माझ्यापुढे माझ्या वर्गाच्या चौतीस उत्तरपत्रिका होत्या.

मी टॉर्च घेऊन खाली गेले. झाडांना नुकती पालवी फुटलेली होती, हाताला लागेल ते पान कोवळं. पाच प्रकारची पानं मिळाली, पण वाळलेलं त्यातलं एकच. बाकीची चार वर आणून जुन्या कागदांत ठेवली आणि त्यांवरून इस्त्री फिरवत बसले. कापूस औषधांच्या डब्यात होता. खोकं मात्र घरात नव्हतं. तेवढ्यात थोरली उठली, आपल्या कपाटातून एक खोकं काढलं, त्यातले मणी, जुनी तिकिटं, मैत्रिणींनी लिहिलेल्या चिठ्ठ्या एका पिशवीत ओतल्या आणि रिकामं खोकं माझ्यापुढे ठेवलं. काही न बोलता पुन्हा आजीसमोर जाऊन बसली. ते खोकं तिने चौथीत असल्यापासून जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरटं झालंच नाही. कार्यक्रमाची तालीम लांबली. खोकं आठवडाभर वर्गातल्या फडताळावर पडून राहिलं आणि पुढच्या बुधवारी, वेळ उरला नाही म्हणून, पानांसकट परत आलं.

त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट केली. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पूर्वीपासून शाळांचे कागद चिकटवते. यंदा तिथे प्रत्येक सूचना चिकटवायला लागले, कागदावर आलेली तशीच आणि मेसेजवर आलेली हाताने लिहून. वर सूचना आली तो दिवस आणि वेळ, खाली काम कधी करायचं तो दिवस. आधीच्या दोन आठवड्यांतल्या सूचनाही मेसेज मागे सरकवून शोधल्या आणि लावल्या. सहा आठवडे संपले तेव्हा मोजलं. तीन मुलांच्या मिळून एकोणसाठ सूचना होत्या. त्यांतल्या तेवीस सूचनांत आणि कामात एका दिवसापेक्षा कमी अंतर होतं. तीन शाळांचे मिळून नऊ कार्यक्रम होते, त्यांतले चार एकाच आठवड्यात, आणि त्यांतले दोन एकाच संध्याकाळी एकाच वेळी. त्या संध्याकाळी मी मधल्याच्या नाटकाला गेले आणि त्याचे बाबा थोरलीच्या निरोप समारंभाला. धाकटी माझ्याबरोबर होती. तिला ताप होता हे मला नाटक संपल्यावर कळलं, तिने हात धरला तेव्हा.

एकेक कागद वाचला तर त्यात चूक काही नाही. पांढरे मोजे आणा. सहल आहे, संमतीपत्रावर सही करा. शिक्षकांसाठी दोन ओळी लिहून पाठवा. बसचा पास परत करा. प्रयोगवहीला वेष्टण घाला. नृत्यासाठी निळा सदरा लागेल. गटप्रकल्पासाठी शनिवारी एका मुलाच्या घरी जमायचं आहे. ज्याने त्याने आपापल्या परीने चांगलंच काही योजलेलं असतं. पण त्या दारासमोर उभं राहिलं की कळतं, या सगळ्याची बेरीज शाळेत कुणीच करत नाही. नाच बसवणारे शिक्षक प्रयोगवहीचा विचार करत नाहीत. ग्रंथालयाला तोंडी परीक्षेची तारीख ठाऊक नसते. माझ्या धाकटीच्या शाळेला तर माझ्या थोरलीची शाळा अस्तित्वात आहे हेही माहीत असण्याचं कारण नाही. बेरीज होते ती घरात, रात्री दहा वाजता, आणि बहुतेक घरांत ती एकाच माणसाच्या डोक्यात होते.

इथवर मी आई म्हणून लिहिलं. पुढचं लिहायला मला जड जातं आहे, तरी ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

दारावर पस्तीसएक सूचना झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माझ्या वर्गात मुलांनी ऋतूंचा तक्ता करायचा होता. मुलांनी जाड कागद, कात्री आणि जुन्या मासिकांतली चित्रं आणायची होती. तेहेतीस मुलांनी आणली. एक मुलगी काहीच न घेता आली. ती एरवी कधी काही विसरत नाही. मी तिला म्हणाले, "आज बस, दुसऱ्यांचं बघ." ती भिंतीला टेकून उभी राहिली, रडली नाही. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, आई रात्रपाळीला होती. फोन आईकडे असतो. ती सकाळी आली तेव्हा मी शाळेला निघाले होते."

मी माझा फोन उघडून पाहिला. सूचना मी आदल्या रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी पाठवली होती. हा तक्ता तर माझ्या नियोजनाच्या वहीत पंधरा दिवसांपूर्वीच लिहिलेला होता. मला तो माहीत होता. मुलांना साहित्य आणायला सांगायचं मात्र मला आठवलं घरी, माझ्या मुलांच्या भानगडी निस्तरून झाल्यावर.

त्या रात्री मी त्याच दारावर, वेगळ्या रंगाच्या शाईने, मी स्वतः माझ्या वर्गाला पाठवलेल्या सूचना लिहून लावल्या. तेवढ्याच काळात माझ्या एकटीच्या अकरा होत्या. त्यांतल्या सहा आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या. चौतीस घरांत त्या सहा संध्याकाळी माझ्यामुळे कुणीतरी टॉर्च घेऊन खाली उतरलं असेल, कुणाच्या बहिणीने खोकं रिकामं केलं असेल. आणि ज्या घरात तसं कुणी नव्हतं तिथलं मूल माझ्या वर्गात भिंतीला टेकून उभं राहिलं.

असं का होतं, हे मी आता शिक्षिका म्हणून सांगू शकते, कारण आतून पाहिलं आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळे उपक्रम लांबचे वाटतात. पाठ्यक्रम मागे पडतो, कुणी आजारी असतं, सभागृह मिळत नाही, मग प्रदर्शन पुढे जातं, सहल पुढे जाते. पुढे ढकललेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच भिंतीवर येऊन आपटते, कारण वर्ष संपायची तारीख काही पुढे सरकत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि ॲमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये माणसाच्या या सवयीकडे लक्ष वेधलं. काम किती वेळात होईल याचा अंदाज आपण नेहमी कमी धरतो, आधी तसलंच काम लांबलेलं आठवत असलं तरीही. आमच्या शिक्षक खोलीत हे दरवर्षी घडतं. मागच्या वर्षी प्रदर्शनाला दोन आठवडे लागले हे सगळ्यांना आठवतं आणि यंदा चार दिवसांत होईल असंही सगळ्यांना मनापासून वाटतं. त्यातच शेवटच्या दिवसांत शिक्षकांचीही ओढाताण असते. उत्तरपत्रिका, निकालपत्रकं, हजेरीच्या बेरजा, साहित्याची मोजदाद, पालकांच्या भेटी. थकलेल्या शिक्षकाला जे रात्री आठवतं ते तो रात्रीच कळवून मोकळा होतो. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि तिसेक घरांत जाऊन बसतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. ऑस्ट्रेलियात ते डिसेंबरमध्ये संपतं, म्हणजे तिथलीही शेवटची धावपळ तिथल्या वसंतातच येते. दिवस मोठे होत जातात, उजेड जास्त वेळ राहतो आणि त्या उजेडात आणखी एक तालीम, आणखी एक भेट बसवता येईल असं मोठ्यांना वाटतं. मुलांच्या झोपेचा हिशोब मात्र दिवसाबरोबर वाढत नाही.

झोपेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यंदा मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. झोपेच्या वैद्यकशास्त्रात काम करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये शिफारस केली की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास. मी थोरलीची झोप दोन आठवडे लिहून ठेवली. सरासरी साडेसहा तास निघाली. सासूबाई तिला रोज म्हणायच्या, "अगं, लवकर पड आणि पहाटे ऊठ." तिला ते जमत नव्हतं आणि त्यावरून घरात दोनदा वाद झाला. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची जाणीव करून देणारं मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा वाढू लागतं, आणि संध्याकाळचा उजेड ते आणखी लांबवतो. म्हणजे वसंतातल्या लांबत जाणाऱ्या संध्याकाळी पंधरा वर्षांची मुलगी नऊ वाजता अंथरुणावर पडली तरी झोप येईलच असं नाही. सकाळची शाळा मात्र ठरल्या वेळेलाच भरते. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे प्रश्न विचारायचं काम त्यांनी रात्रीऐवजी ती शाळेतून आल्या आल्या करायला घेतलं. घरातल्या घरात झालेला एवढा एक बदल मला या सहा आठवड्यांतला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मधल्याचं वेगळं. तो अभ्यासाचं वेळापत्रक स्वतः करतो, रंगीत पेन्सिलींनी, त्याला त्याचा अभिमान आहे. रोज इतिहासाचा अर्धा धडा, गणिताची पाच उदाहरणं, असं थोडं थोडं. ही पद्धत उत्तम आहे हे सांगायला शिक्षिका असायलाही नको. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की एका दिवशी सलग अडुसष्ट वेळा घोकून जे साधतं ते तीन दिवसांत विभागलेल्या अडतीस आवृत्त्यांनीही साधतं. मधल्याला एबिंगहाउस ठाऊक नाही, पण त्याचं वेळापत्रक त्याच विचाराचं होतं. नाटकाच्या तालमी दोन आठवड्यांच्या ठरल्या होत्या, त्या चार आठवडे चालल्या. तो रोज संध्याकाळी येऊन त्या दिवसाचा रकाना खोडायचा आणि तो अभ्यास रविवारच्या रकान्यात लिहायचा. शेवटच्या रविवारच्या चौकटीत अक्षरं मावेनात, तेव्हा त्याने तो कागद घडी करून वहीत ठेवून दिला. पुन्हा उघडला नाही. नाटकात त्याने काम छान केलं, आणि नाटक नको होतं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याला ते तीन महिने आधी करता आलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

धाकटी सात वर्षांची आहे. तिच्याविषयी एकच सांगते. या सहा आठवड्यांत तिने मला चार वेळा विचारलं, "आज काही नसलेला दिवस आहे का?" चारही वेळा मला नाही म्हणावं लागलं. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमात मुलाला विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क आहे असं लिहिलं आहे. शिक्षक प्रशिक्षणात आम्ही ते कलम शिकलो, परीक्षेत त्यावर उत्तरंही लिहिली. त्याचा अर्थ मला तिच्या या प्रश्नाने कळला. विश्रांती म्हणजे कामं उरकल्यावर काही उरलं तर द्यायची वस्तू नव्हे. तिची आधी जागा राखावी लागते.

मग मी माझ्या वर्गापुरता एक प्रयोग केला. वर्षाचे जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते. एका शनिवारी नियोजनाची वही उघडून मी माझ्या वर्गाचं उरलेलं सगळं एका कागदावर लिहिलं. कोणत्या दिवशी काय आणायचं, कोणत्या दिवशी काय परत करायचं, कोणती सही कधी हवी. लिहून झाल्यावर ते माझ्याच नजरेला सहन होईना. चौदा गोष्टी होत्या. त्यांतल्या पाच मी खोडल्या. एक भित्तिपत्रक, एक भेटकार्ड, वेशभूषेचा एक दिवस आणि दोन प्रकल्प. प्रकल्पांतला एक मला फार आवडायचा, दरवर्षी मी तो करून घेते. तोही खोडला. उरलेल्या नऊंपैकी चारांना लागणारं साहित्य शाळेतल्या कपाटात आधीच पडून होतं, फक्त मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. म्हणजे घरांकडून मागायच्या फक्त पाच गोष्टी राहिल्या. सोमवारी तो कागद मुलांच्या हाती दिला आणि ग्रुपवर लिहिलं की यापुढे वर्ष संपेपर्यंत माझ्याकडून नवी मागणी येणार नाही. ज्या घरी फोन एकच आहे आणि तो कामावर जातो, त्या घरांसाठी कागदच खरा, म्हणून प्रत्येक मुलाने तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला.

त्यानंतर दोनदा मला काहीतरी नवं सुचलं. हात फोनकडे गेला. दोन्ही वेळा फोन ठेवून दिला आणि जे वर्गात होतं त्यावर भागवलं. काही बिघडलं नाही.

पहिल्या मागणीच्या दिवशी चौतिसांपैकी दोन मुलं साहित्याविना आली. त्यांच्यासाठी मी कपाटात जादा ठेवलं होतं. तिसऱ्या मागणीला एकही मूल रिकाम्या हाताने आलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिलेली मुलगी तर चार दिवस आधीच सगळं घेऊन आली आणि म्हणाली, "आईच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून गोळा केलं." आणखी एक फरक दिसला. वस्तू जरा ओबडधोबड झाल्या. कागद वाकडे कापलेले, डिंक ओघळलेला. आधीच्या सुबक वस्तूंमधले कितीतरी हात मोठ्यांचे होते हे मला तेव्हा दिसलं. रात्री दहाला आलेली मागणी मूल पुरी करू शकतच नाही, ती मोठ्यांनाच पुरी करावी लागते. आठ दिवस मिळाले की मूल स्वतः करतं.

पालकांकडूनही ऐकायला मिळालं. एक आजोबा नातवाला न्यायला येतात. ते म्हणाले की तो कागद त्यांनी पलंगाशेजारी लावला आहे, आता सुनेला रोज रात्री विचारावं लागत नाही की उद्या काय. यामागचं कारण मला नंतर वाचनात आलं. ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम मनात टोचत राहतं आणि दुसऱ्या कामात व्यत्यय आणतं, पण ते कसं करायचं याचा नेमका बेत ठरला की ते टोचणं थांबतं, काम अजून झालेलं नसलं तरी. काम कमी झालं नाही तरी त्याची तारीख ठाऊक असली तर माणूस झोपू शकतो. आम्ही शिक्षक घरांना काम देतो आणि तारीख मात्र आमच्या वहीत ठेवतो.

शिक्षक खोलीत हे मांडलं तेव्हा दोन हरकती आल्या आणि त्या दोन्ही मी गंभीरपणे घेते. एक सहकारी म्हणाल्या, "आधी सांगितलेलं पालक विसरतात, म्हणून आदल्या दिवशीच सांगावं लागतं." हे खरं आहे. आदल्या दिवशी आठवण जरूर करावी. पण आठवण करणं आणि पहिल्यांदा कळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे सहकारी म्हणाले की शेवटचे दिवस मुलांना आयुष्यभर आठवतात, ते असे उघडेबोडके ठेवू नयेत. त्यांनी तीस वर्षं नाटकं बसवली आहेत आणि त्यांच्या बोलण्यात मुलांविषयीची मायाच होती. मी त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या स्वतःच्या शाळेचे शेवटचे दिवस तुम्हाला कसे आठवतात. ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, परीक्षा झाल्यावर सर आम्हाला मैदानावर मोकळं सोडायचे आणि स्वतः झाडाखाली बसून पेपर तपासायचे.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक शाळेने शेवटच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना, ग्रंथालय आणि क्रीडा विभागासकट, एका टेबलाभोवती बसवावं आणि एकच तारखांचा कागद करावा. वर्गावर्गाचा वेगळा नको, घराला पोचेल तो एकच. त्या कागदावर आठ दिवस आधी नसलेली कोणतीही वस्तू मुलांकडून मागू नये, मागायची झाली तर ती शाळेने पुरवावी. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात तालीम नसावी. संध्याकाळी सातनंतर नवी मागणी पाठवू नये. आणि त्या कागदावर आठवड्यातला एक दिवस ठळक अक्षरांत मोकळा लिहिलेला असावा. जवळच्या शाळांनी मोठ्या कार्यक्रमांच्या तारखा एकमेकींना कळवल्या तर फारच बरं. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या शाळांत जातात हे काही दुर्मीळ नाही, आणि त्या दोन फोनमुळे एखादा बाप दोन्ही मुलांचे कार्यक्रम पाहू शकेल.

पालकांनाही मला एक सांगायचं आहे. बेरीज एका डोक्यात ठेवू नका. आमच्या घरी ते दार आता सगळ्यांचं आहे. मुलांचे बाबा रोज रात्री जेवणानंतर ते उघडून उद्याचे कागद वाचतात, मी नाही. पहिल्या आठवड्यात मी मागे उभी राहून त्यांना दुरुस्त करत होते. मग ते सोडलं. त्यांच्या हातून एकदा मोजे चुकले. मधला राखाडी मोजे घालून गेला आणि आला.

आमच्या शाळेत नव्या वर्षाच्या पहिल्या शिक्षक सभेत मी या विषयासाठी अर्धा तास मागितला आहे आणि मुख्याध्यापिकांनी तो दिला आहे. माझ्याकडे दाखवायला ते एकोणसाठ कागद आहेत आणि माझे स्वतःचे अकरा. एक अडचण मात्र मला अजून सोडवता आलेली नाही. सभागृह एकच, वर्ग वीस, आणि प्रत्येकाला तालमीसाठी तेच हवं असतं, त्यामुळे एक कार्यक्रम लांबला की पुढचे सगळे लांबतात. ज्या शिक्षकांनी आपल्या शाळेत कार्यक्रम वर्षभर विभागून बसवले आहेत त्यांनी ते कसे बसवले, पहिल्या वर्षी कोणते वगळावे लागले, हे याच सदरात लिहावं अशी माझी मनापासून विनंती आहे. सभेआधी वाचायला मिळालं तर मी त्याची प्रत टेबलावर ठेवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका